पिकअपची वीज : बिघाडाचा माग आणि वाढीव भाराचा हिशेब

डिझेल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी विजेची ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते आणि त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले त्याचे तत्त्व हेच होते, आणि आजच्या पिकअपमध्येही ते बदललेले नाही. त्यामुळे डिझेल गाडीचा विजेशी संबंध सेल्फ मारण्यापुरता आणि दिवे लावण्यापुरताच असतो, हा समज चालकांमध्ये आणि काही प्रमाणात कारागिरांमध्येही रुजलेला आहे. जुन्या पिढीच्या गाड्यांबाबत तो बराचसा खराही होता. १९८८ मध्ये पुण्यातून टाटामोबाईल बाजारात आली तेव्हापासून पुढची अनेक वर्षे आपल्याकडील पिकअपना यांत्रिक इंधनपंप असे. पंपावरील सॉलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडझाप करणारी लहानशी झडप, एवढाच काय तो इंजिनाचा विजेशी चालू अवस्थेतला संबंध होता. बॅटरी उतरली तर उतारावरून किंवा चार माणसांच्या धक्क्याने गाडी सुरू होई आणि पुढे दिवसभर चाले.

कॉमन रेल पद्धत आल्यानंतर ही स्थिती पालटली. या पद्धतीत पंप डिझेलला हजार बारहून अधिक दाब देऊन ते सर्व सिलिंडरांसाठी समाईक असलेल्या एका जाड नळीत साठवतो, आणि प्रत्येक इंजेक्टर केव्हा व किती वेळ उघडायचा हे इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात सगळेच ईसीयू म्हणतात, तो मिलिसेकंदाच्या हिशेबाने ठरवतो. भारतात १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ उत्सर्जनमानके लागू झाली, आणि धुराची गाळणी, तिच्या दाबाचे व तापमानाचे संवेदक, एक्झॉस्टमधला काही वायू पुन्हा इंजिनात वळवणारी विजेवर चालणारी झडप अशी एकेक भर पडत गेली. आता बॅटरीच्या विजेचा दाब सेल्फ मारताना फार खाली गेला, तर इंजिन फिरत राहते पण सुरू होत नाही. एक तर ईसीयू मध्येच बंद पडून पुन्हा जागा होतो, किंवा इंजिन इतके सावकाश फिरते की रेलमध्ये किमान दाबच तयार होत नाही आणि संगणक इंजेक्टर उघडण्याची आज्ञा देत नाही. लक्षण इंधनाच्या बिघाडासारखे दिसते, म्हणून पंप किंवा इंजेक्टर उतरवले जातात. मूळ दोष मात्र बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये तसाच राहतो. मोजमापाआधी सुटा भाग बदलण्याची ही सवय आज पिकअपच्या मालकाला सर्वांत महाग पडणारी आहे.

मोजमापासाठी लागणारे शास्त्र फार मोठे नाही. विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि प्रवाहाला होणारा विरोध ओहममध्ये मोजतात, आणि प्रवाहाला विरोधाने गुणले की त्या विरोधापाशी वाया जाणारा दाब मिळतो. याच वाया जाणाऱ्या दाबाला दाबपात म्हणतात आणि वाहनाच्या विजेचे निम्म्याहून अधिक निदान त्याच्याभोवती फिरते. डिझेल इंजिनातील हवा दाबायला जोर लागत असल्याने पिकअपचा सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर प्रवाह ओढतो. समजा, तो अडीचशे अँपिअर ओढत आहे आणि केबलच्या टोकाच्या गंजलेल्या लगमुळे मार्गात एका ओहमचे केवळ चार हजारांश इतका जादा विरोध निर्माण झाला आहे. तेवढ्यानेही पूर्ण एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. इतका सूक्ष्म विरोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसतच नाही. तारेचे वीस धागे तुटून एकच उरला असला तरी मीटर ती तार अखंड असल्याचेच सांगतो, कारण मीटर स्वतः फार थोडा प्रवाह सोडतो आणि तेवढ्याला एक धागाही पुरतो. म्हणून तार तपासायची ती भार चालू असताना, आणि ओहमऐवजी व्होल्टच्या पट्टीवर.

बॅटरी पाहताना प्रथम गाडी काही तास उभी असावी. चार्जिंग नुकतेच थांबले असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावर फसवा दाब शिल्लक राहतो. तो हेडलाइट मिनिटभर लावून घालवता येतो. शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे असतात, पूर्ण भरलेला प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो, त्यामुळे निरोगी बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्टला ती जवळपास अर्धी झालेली असते, आणि १२ व्होल्ट हा आकडा ऐकायला पुरेसा वाटला तरी तो तळाला गेलेल्या बॅटरीचा आहे. ज्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालता येते तिच्यात हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता पाहणे अधिक बोलके ठरते: पूर्ण भरलेल्या कप्प्यात ती १.२६ ते १.२८ असते, आणि पाच कप्पे सारखे असून सहावा बराच खाली असेल तर तो कप्पा गेला, कितीही चार्जिंग केले तरी ती बॅटरी भरवशाची राहत नाही. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडे पडून राहिली की प्लेटांवरचे शिशाचे सल्फेट कठीण स्फटिकांच्या रूपात जमते आणि तिची क्षमता कायमची घटते. हंगाम संपल्यावर गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या पिकअपच्या बॅटऱ्या बहुधा अशाच मरतात. थंडीला बॅटरीचा शत्रू मानले जाते, पण थंडीत केवळ तिचा अशक्तपणा उघड होतो. आयुष्य कमी करते ते ऊन. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीतील ऱ्हासाच्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात बॉनेटखाली काय तापमान असेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

उभ्या गाडीचा आकडा समाधानकारक आला, तरी त्यावर निकाल देता येत नाही. खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून सेल्फ काही सेकंद फिरवताना बॅटरीच्या दोन खांबांवर दाब ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. गेला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ आतून अडकून प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. दाब टिकून असूनही सेल्फ रडतरखडत फिरत असेल, तर संशय केबलच्या मार्गावर जातो. अशा वेळी मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या धन खांबावर, म्हणजे केबलच्या लगवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खांबावर, आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर टेकवावी आणि पुन्हा सेल्फ फिरवावा. मीटरवर जो आकडा दिसेल तो त्या संपूर्ण वाटेत गमावलेला दाब होय, आणि तो अर्ध्या व्होल्टच्या आत असणे अपेक्षित आहे. मग हीच कृती ऋण खांब आणि सेल्फचे आवरण यांच्यामध्ये करावी, तेथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आकडा दोष दाखवतो. आकडा मोठा आला की सुई एकेक जोड पुढे सरकवत न्यावी. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम उडी घेतो, तेथेच बिघाड आहे. सारी गाडी उघडावी लागत नाही, पाच मिनिटे आणि दोन सुया पुरतात. इतकी सोपी चाचणी इतक्या कमी ठिकाणी केली जाते याची खंत वाटते.

ऋण बाजूकडे झालेले दुर्लक्ष हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. वाहनात प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार नसते. चासी, बॉडी आणि इंजिन हेच परतीच्या मार्गाचे काम करतात आणि त्यांना बॅटरीच्या ऋण खांबाशी जोडणाऱ्या पट्ट्यांना कारागीर अर्थिंग म्हणतात. इंजिन रबराच्या मांडणीवर बसलेले असल्याने ते चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलेच असते, त्यामुळे इंजिन आणि चासी यांच्यातील विणलेली तांब्याची पट्टी निकामी झाली की सेल्फचा प्रचंड प्रवाह मिळेल त्या वाटेने परतू पाहतो. ॲक्सिलेटरची तार किंवा हँडब्रेकची तार गरम झाल्याची उदाहरणे यातूनच घडतात. कोकणपट्टीत आणि गोव्यात मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये हौद्यातून झिरपणारे बर्फाचे खारट पाणी मागच्या अर्थिंगच्या बोल्टवर सतत ठिबकते, समुद्रावरची हवा त्यात भर घालते, आणि पहिला परिणाम मागच्या दिव्यांवर दिसतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होणे, इंडिकेटर लावला की टेललाइटही त्याच तालावर लुकलुकणे, ही लक्षणे पाहून नवे बल्ब घातले जातात, पण बल्बांचा त्यात काहीच दोष नसतो. सर्व दिव्यांची परतीची वाट एकच असते. ती गंजाने बंद झाली की एका दिव्यातून निघालेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटा शिरून चासी शोधतो. बोल्ट काढून, धातू चकचकीत होईपर्यंत घासून, नवा लग घट्ट बसवून वर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावली की सारे दिवे एकदम शहाण्यासारखे वागू लागतात.

इंजिन चालू असताना गाडीला वीज पुरवतो तो अल्टरनेटर, ज्याला जुने कारागीर अजूनही डायनामोच म्हणतात. त्याच्यात तयार होणारा उलटसुलट प्रवाह डायोड नावाचे एकेरी वाहक एका दिशेचा करतात आणि रेग्युलेटर त्याचा दाब १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राखतो. दाब याहून कमी असेल तर पट्टा, कार्बन ब्रश आणि जाड केबल हे क्रमाने तपासावेत; १५ च्या पुढे जाऊन तेथेच राहत असेल तर रेग्युलेटर बिघडला असून तो बॅटरीतले पाणी उडवून टाकील. एक डायोड गेला असेल तर दाब बराचसा ठीक दिसतो, पण चार्जिंग घटते, रेडिओत इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू येते आणि कधी कधी उभ्या गाडीची बॅटरी त्याच वाटेने रात्रभर रिती होते. नव्या काही गाड्यांमध्ये इंधनबचतीसाठी ईसीयूच अल्टरनेटरचा दाब कमीजास्त करतो. तेथे एका क्षणी तेराच्याही खालचा आकडा दिसला म्हणून अल्टरनेटरला दोषी ठरवणे चुकीचे होईल, दिवे आणि ब्लोअर लावून काही मिनिटे निरीक्षण करावे लागते. मात्र एक जुनी चाचणी आता कायमची सोडून दिली पाहिजे. चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढायची आणि इंजिन बंद पडले नाही तर अल्टरनेटर चांगला म्हणायचा, ही ती पद्धत. बॅटरी ही दाबातील उसळ्या पोटात घेणारी असते; ती एकाएकी दूर केली की अल्टरनेटरमधील चुंबकीय ऊर्जा दाबाची लाट बनून बाहेर पडते, आणि तिला आवर घालणारी योजना नसेल तर ही लाट क्षणभर ऐंशी ते शंभर व्होल्टपर्यंत पोहोचू शकते. यांत्रिक पंपाच्या काळात यात एखादा बल्ब जाई. आज ईसीयू जातो.

रात्रभरात बॅटरी उतरण्याच्या तक्रारीत उभ्या गाडीचा चोरटा प्रवाह मोजावा लागतो. सर्व दारे बंद करून, गाडीतील संगणक झोपी जाण्यासाठी अर्धा तास वाट पाहून, ऋण केबल आणि खांब यांच्यामध्ये मीटर अँपिअरच्या पट्टीवर जोडावा. सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह घड्याळ आणि स्मृतीसाठी स्वाभाविक मानला जातो. अर्धा अँपिअर आढळला तर दिवसाला बारा अँपिअर-तास जातात आणि साठ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत सेल्फ मारण्याच्या लायकीची राहत नाही. मग एकेक फ्यूज काढून कोणत्या शाखेवर आकडा पडतो ते पाहायचे. बऱ्याचदा दोष मूळ हार्नेसमध्ये सापडत नाही. नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅमेरा किंवा चावीला न जुमानता थेट बॅटरीवरून घेतलेली म्युझिक सिस्टिम तिथे हमखास आढळते.

ईसीयूने नोंदवलेले दोषसंकेत वाचणे हे निदानाचे दुसरे साधन. डॅशबोर्डखालच्या सोळा टाचण्यांच्या कपलरला स्कॅनर जोडला की ते दिसतात, परंतु संकेत हा तक्रारीचा ठिकाणा सांगतो, गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. पी०३३५ हा क्रँकशाफ्टच्या संवेदकाच्या परिपथातील दोष दाखवतो. त्यात संवेदकाइतकीच त्याची तार, कपलरमधली हिरवट पडलेली टाचणी किंवा उंदरांनी कुरतडलेला हार्नेसही येतो. पी०५६२ म्हणजे दाब कमी असल्याची नोंद, आणि ती इतर दहा संकेतांबरोबर आली असेल तर आधी तीच सोडवावी, कारण दाब ढासळला की निरोगी संवेदकही खोटे बोलतात. अनेक असंबद्ध संवेदक एकदम मृत दिसले तर त्यांना समाईक मिळणारा पाच व्होल्टचा संदर्भदाब मोजावा; एका संवेदकातील शॉर्टमुळे तो शून्यावर आलेला असतो, आणि एकेकाचा कपलर काढत गेले की दोषी निघताक्षणी पाच व्होल्ट परत येतात. निरनिराळे संगणक एकमेकांशी बोलण्यासाठी कॅन नावाची पद्धत वापरतात. बॉशने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या दोन तारांच्या टोकांना १२० ओहमचे दोन रोधक असतात, म्हणून बॅटरी सोडवून डॅशबोर्डखालच्या त्याच कपलरच्या सहाव्या आणि चौदाव्या टाचणीमध्ये मोजले असता साठ ओहम यावेत. एकशेवीस आले तर एक टोक तुटले आहे.

निदानातले हेच तर्कशास्त्र सुधारणांची निवड करतानाही लागू पडते, पण बाजारात सुधारणा नेमक्या उलट्या क्रमाने विकल्या जातात. प्रखर दिवे प्रथम घेतले जातात, त्यांनी बॅटरी थकली की मोठी बॅटरी येते, तीही पुरी भरत नाही म्हणून मोठा अल्टरनेटर येतो, आणि ज्या सडपातळ तारांमुळे मूळ दिवे मंद होते त्या तशाच राहतात. फिलामेंटच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या तिसऱ्या घातापेक्षाही अधिक वेगाने घटतो, १३.५ व्होल्टऐवजी बल्बपर्यंत १२ च पोहोचले तर सुमारे एक तृतीयांश प्रकाश जातो. जुन्या पिकअपमध्ये हेडलाइटचा सारा प्रवाह स्टिअरिंगवरच्या स्विचमधून फिरून येतो आणि तेवढा दाब सहज गमावतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाच मीटर तांब्याच्या तारेचा विरोध ०.०८६ ओहम भरतो, आणि दोन ५५ वॉटच्या बल्बांचे नऊ अँपिअर त्यातून गेले की पाऊण व्होल्ट संपतो. त्यावर उपाय म्हणून १०० वॉटचे बल्ब घातले तर प्रवाह आणखी वाढतो, दाबपातही वाढतो, आणि होल्डरचे प्लास्टिक वितळते. त्याऐवजी रिले बसवावा. रिले म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठ्या प्रवाहाचा मार्ग उघडणारा विद्युतचुंबकी स्विच. जुना स्विच आता केवळ रिलेची गुंडाळी चेतवतो, आणि बल्बांचा प्रवाह बॅटरीवरून अडीच चौरस मिलिमीटरच्या आखूड तारेने थेट येतो. अल्प खर्चात मूळच्या ६०/५५ वॉट बल्बांचा पूर्ण प्रकाश मिळवून देणारी ही सुधारणा जुन्या गाडीसाठी सर्वांत आधी करण्याजोगी आहे. नव्या गाडीत मात्र संगणक दिव्यांच्या प्रवाहावर लक्ष ठेवत असू शकतो, तेव्हा कंपनीचा वायरिंग नकाशा पाहिल्याखेरीज तारांना हात लावू नये.

एच-४ च्या होल्डरमध्ये बसणारे एलईडी बल्ब आकर्षक वाटतात, पण परावर्तकाचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून आखलेला असतो, आणि प्रकाशाचा उगम तेथून थोडा जरी सरकला तरी झोत विस्कटून समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. रात्री माळशेज किंवा आंबा घाटाच्या वळणांवर त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते, म्हणून हा बदल करू नये असेच येथे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे. कायद्याची चौकटही ध्यानात घ्यावी: मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना आळा घालते, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत अनेक सुरांच्या हॉर्नना मनाई आहे.

भर घालण्यापूर्वी बेरीज करावी. पावसाळी रात्री हेडलाइट, टेललाइट, वायपर, ब्लोअर आणि ईसीयू मिळून तीस अँपिअरच्या आसपास जातात. ज्या अल्टरनेटरवर ७० अँपिअर लिहिलेले असते तो आयडलिंगला त्याच्या निम्मेही देईलच असे नाही, आणि बाजार समितीच्या रांगेत पिकअप तासन्‌तास आयडलिंगलाच उभी असते. तशात मालाच्या वजनकाट्यासाठी किंवा दिव्यांसाठी पाचशे वॉटचा इन्व्हर्टर जोडला तर तो एकटाच जवळपास पन्नास अँपिअर ओढतो. बेरीज अल्टरनेटरच्या क्षमतेबाहेर जात असेल तरच तो मोठा घ्यावा, आणि मग त्याच्यापासून बॅटरीकडे जाणारी केबल व तिचा फ्यूजही त्या प्रमाणात वाढवावा. जुन्या केबलवर मोठा अल्टरनेटर चढवणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय. बॅटरी निवडताना अँपिअर-तासांबरोबरच थंड अवस्थेत इंजिन फिरवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, जो लेबलवर सीसीए या नावाने असतो, तो कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावा. इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत त्या पद्धतीसाठी बनवलेल्या बॅटरीऐवजी साधी घातली तर ती लवकर संपते.

वाढीव तार कोणत्याही उपकरणाची असो, तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूज उपकरणापेक्षा तारेला वाचवतो आणि त्याच्या अलीकडचा तुकडा असुरक्षित राहतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर वीसच्या जागी तीस अँपिअरचा घालणे हा उपाय नव्हे. पिवळा काढून हिरवा बसवला की तार स्वतःच फ्यूज होते. ज्या गाडीच्या ऋण खांबावर चार्ज मोजणारा संवेदक असतो, तेथे नव्या उपकरणाची अर्थ-तार थेट खांबावर न घेता चासीवर घ्यावी, नाहीतर तो प्रवाह संवेदकाच्या हिशेबाबाहेर राहतो आणि बॅटरी हळूहळू अर्धपोटी होत जाते. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी योग्य मापाच्या क्रिंपने दाबून वर गरम करून आक्रसणारी नळी चढवावी. हौद्याला पिंजरा किंवा भाजीच्या क्रेटसाठी कप्पे बसवताना वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीयूचे कपलर आधी सोडवावेत, आणि वेल्डिंगची अर्थ-पकड जोडाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे शेकडो अँपिअरचा तो प्रवाह परतीची वाट शोधत संगणकाच्या नाजूक तारांमध्ये शिरणार नाही. सर्व काम झाल्यावर सेल्फ मारताना, आयडलिंगला, पूर्ण भारावर आणि गाडी झोपल्यावर असे चार आकडे पुन्हा घेऊन नव्या तारांच्या हाताने काढलेल्या नकाशासह ते गाडीच्या कागदपत्रांत ठेवावेत; पुढच्या बिघाडाच्या वेळी दुसऱ्या गावातल्या कारागिराला सुरुवात तेथूनच करता येते.